ऐकलेले पुढे सांगण्याआधी

(पाली, तालुका राजगड येथील निरूपण)

आज जरा वेगळ्या विषयाला हात घालतो आहे. विषय कडू आहे. कोणी म्हणेल, "महाराज, हरिकथेत हे कशाला? नामाचा महिमा सांगा." पण मायबापहो, नाम घेणारी जीभ आणि आळ घेणारी जीभ काही दोन नाहीत, एकच आहे. जिने सकाळी हरिपाठ म्हटला तिनेच संध्याकाळी एखाद्या निरपराध्याच्या मरणाला हातभार लावला, तर सकाळच्या हरिपाठाचा हिशेब कसा लागायचा? म्हणून हा विषय परमार्थाबाहेरचा मानू नये.

नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवण आणि दुसरी कीर्तन. श्रवण कानाचे, कीर्तन मुखाचे. पण जे कानात शिरले ते तसेच्या तसे मुखातून बाहेर काढावे, असे कोणत्याही संतांनी सांगितलेले नाही. श्रवणाच्या पुढे मनन आहे, मननाच्या पुढे निदिध्यासन आहे. ऐकलेले मनात घोळवावे, पारखावे, आपल्या आचरणात उतरते का ते पाहावे आणि मग दुसऱ्याला सांगावे. गुरुमुखातून ऐकलेल्या ब्रह्मज्ञानालाही जर मननाची अट आहे, तर कोणी कुठून पाठवलेल्या उडत्या निरोपाला ती नसावी काय?

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. आपल्या शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या आणि माझ्यासारख्या टाळकऱ्याच्याही आहे. त्यावर व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम अशा सोयी आहेत. निरोप येतो, अंगठा दाबला की तो शंभरांकडे जातो. श्रवण झाले, कीर्तनही झाले. मधले मनन कुठे गेले? मनन गेल्यामुळे काय काय घडले, तेच आज सांगायचे आहे.

पुष्कळ लोक विचारतात, या मोबाईलमुळे खरोखर झुंडी जमून माणसे मारली जातात का? की माणूस मुळातच तसा आहे आणि आपण उगाच यंत्राला दोष देतो? प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही प्रामाणिकपणे शोधू.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी वस्तीचे गाव आहे. 1 जुलै 2018, रविवारचा दिवस, गावचा आठवड्याचा बाजार. त्या बाजारात पाच अनोळखी माणसे आली. भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. त्या भागात कितीतरी दिवस मोबाईलवरून निरोप फिरत होते की मुले पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. त्या पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला, असे सांगतात. तेवढे पुरले. आरडाओरडा झाला, बाजार गोळा झाला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले, आणि पाचही जण जिवानिशी गेले. मारणारे मारत होते आणि काही जण मोबाईलवर त्याचे चित्र घेत होते. पुढे खटला चालला. 2024 च्या फेब्रुवारीत धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. पाच घरे तिकडे उजाड झाली आणि सात घरे इकडे. मुले पळवणारी टोळी मात्र कुठेच नव्हती.

आता हे पाच जण कोण होते, ते नीट ऐका. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. डमरू वाजवावा, भैरवनाथाची गाणी म्हणावीत, गावोगाव फिरावे, पसाभर दाण्यावर निर्वाह करावा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आणि नाथपंथ म्हणजे आपल्याला कोण? आदिनाथांपासून मत्स्येंद्रनाथ, मत्स्येंद्रांपासून गोरक्षनाथ, गोरक्षांपासून गहिनीनाथ, गहिनीनाथांपासून निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांपासून आपली ज्ञानेश्वर माऊली. ही आपली गुरुपरंपरा. ज्या पंथाच्या गोसाव्याने निवृत्तिदादांना कृपादान केले, त्याच पंथाच्या गोसाव्यांना या महाराष्ट्रात अनोळखी म्हणून ठार मारले गेले.

आणि ते आले होते कुठून? सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या भागातून. मंगळवेढा म्हटले की वारकऱ्याचा हात आपोआप कपाळाकडे जातो. दुष्काळात बादशाहीची कोठारे उपाशी रयतेला खुली करणारे दामाजीपंत तिथले, कान्होपात्रा तिथली, आणि गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ज्यांनी देह ठेवला ते चोखोबाराय तिथलेच. संतचरित्रात चोखोबांची एक कथा आहे. पांडुरंगाच्या गळ्यातला हार चोखोबांच्या गळ्यात दिसला. झाले! "चोर, चोर" म्हणून ओरड उठली. कोणी विचारले नाही की बाबा, हा हार तुझ्याकडे आला कसा. बैलांना जुंपून ओढून मारायची शिक्षा ठरली. बैल जुंपले, पण बैल पाऊल उचलीनात. कथेचा अर्थ पाहा. जमलेल्या शहाण्यासुरत्या माणसांपैकी एकालाही जे थांबणे जमले नाही, ते मुक्या बैलांना जमले. राईनपाड्याच्या बाजारात तो बैलांचा विवेक कोणाजवळ नव्हता.

तरी राईनपाड्याच्या लोकांना राक्षस म्हणून मोकळे होऊ नका, कारण त्यात आपली फसगत आहे. ती आयाबापांची माणसे होती. आपले लेकरू कोणी नेईल, ही भीती खरी होती. कोणत्या आईला ही भीती नाही? हिंसा नेहमी द्वेषातूनच येते असे नाही, ती भयातूनही येते, आणि भय लेकराच्या मायेतून आलेले असले तर माणसाला वाटते की आपण धर्माचेच काम करतो आहोत. म्हणून भ्यालेल्या माणसाला खोटी बातमी देणे हे पाप साध्या खोटे बोलण्याहून मोठे आहे.

त्या दिवसांत एक चित्रफीत फार फिरत होती. मोटरसायकलवर दोघे जण येतात आणि रस्त्यात खेळणारे पोर उचलून नेतात, असे तिच्यात दिसते. ती खरी नव्हती. शेजारच्या देशात, कराचीत, मुलांच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी ती तयार केली होती. मूळ फितीत ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि आपल्या मुलांवर लक्ष ठेवा असे सांगतात. कोणीतरी तो शेवटचा भाग कापला. पोर उचलून नेले, एवढेच उरले. लेकरांना वाचवण्यासाठी केलेली वस्तू अर्धी कापली आणि ती माणसांच्या जिवावर उठली.

श्रोतेहो, अर्धे सत्य किती घातक असते, ते भारती युद्धात व्यासांनी दाखवले आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला. द्रोणाचार्यांच्या कानावर आले, अश्वत्थामा गेला. पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या गुरूने धर्मराजाला विचारले. धर्मराजाने वाक्य पुरे केले, पण हत्तीचा उल्लेख ऐकू जाऊ नये असा केला. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले आणि प्राण गमावले. तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी खाली टेकला. एवढ्या सत्यवादी पुरुषाला एक अर्धे वाक्य भोवले. मग दिवसातून दहा वेळा कापलेली वाक्ये आणि कापलेली चित्रे पुढे ढकलणाऱ्या आपली काय कथा?

हे झाले भयाचे. दुसरे दार आहे अपमानाचे. आपल्या देवाचा, आपल्या राजाचा कोणी अवमान केला, अशी बातमी येते आणि रक्त तापते. 2014 मध्ये फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराजांची आणि आणखी काहींची विटंबना करणारी चित्रे कोणीतरी टाकली. पुण्यात वातावरण पेटले, आणि 2 जूनच्या रात्री हडपसरला एका मुसलमान तरुणाला रस्त्यात गाठून ठार मारण्यात आले. नोकरीसाठी सोलापूरहून आलेला तो अभियंता होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ज्यांच्यावर खटला चालला ते 2023 मध्ये पुराव्याअभावी सुटले. म्हणजे त्या पोराचा जीव गेला, पण न्यायाच्या दप्तरी कोणाचाच हात त्याला लागलेला नाही. हडपसर आपल्याला परके नाही. पुण्याहून निघालेल्या पालख्या तिथूनच वेगळ्या होतात, माऊली दिवे घाटाकडे वळतात आणि तुकोबाराय लोणीकडे जातात.

त्याच लोणीच्या वाटेने पुढे यवत लागते. तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाला यवतकर हजारो वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. कोण कुठला, कोणत्या जातीचा, हे विचारीत नाहीत. त्याच यवतमध्ये 1 ऑगस्ट 2025 ला एका तरुणाने मोबाईलवर टाकलेल्या मजकुरावरून दगडफेक आणि जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. काही दिवस आधी तिथे शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली होती, म्हणून मने आधीच दुखावलेली होती. त्याआधी सप्टेंबर 2023 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीतही असाच मजकूर, असाच जमाव, आणि त्यात एक जीव गेला. मजकूर लिहिणारा एक, पाहणारे हजार, आणि मरणारा भलताच. हा या गोष्टींचा ठरीव शेवट आहे.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर निरूपण लंगडे होईल. मोबाईल नव्हता तेव्हा काय सगळे गोकुळ होते? 30 जानेवारी 1948 ला महात्माजींची हत्या झाली. मारेकऱ्याची जात कळली, आणि आपल्याच दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव निरपराध ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. तेव्हा कोणाच्या खिशात यंत्र होते? 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो अशी वार्ता उठली आणि काही तासांत साऱ्या देशात देवळांपुढे रांगा लागल्या. तेव्हा घरोघरचा साधा तारेचा टेलिफोन पुरला. ती वार्ता निरुपद्रवी होती, एवढेच दैव. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या रवांडा देशात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. तिथे शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उठवण्याचे काम रेडिओने केले, आणि पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या रेडिओशी संबंधित माणसांना दोषी ठरवले. तेव्हा विस्तव माणसाच्या अंतःकरणात आधीपासून आहे, हे खरे. काम, क्रोध, मद, मत्सर काही दुकानातून विकत आणावे लागत नाहीत.

मग यंत्राने काय वाढवले? तीन गोष्टी वाढवल्या. पहिली गोष्ट वेग. पूर्वी अफवा पायांनी चालत येई. एका गावाहून दुसऱ्या गावी येईपर्यंत रात्र मध्ये पडे, आणि रात्री माणसाचे डोके थोडे थंड होई. आता रात्र मध्ये पडत नाही. दुसरी गोष्ट चित्र. कानाने ऐकलेल्यावर माणूस शंका घेतो, डोळ्यांनी पाहिलेल्यावर घेत नाही. आणि चित्र कुठले, कधीचे, कापलेले की जोडलेले, हे डोळ्याला कळत नाही. आता तर जे घडलेच नाही त्याचेही हुबेहूब चित्र आणि आवाज यंत्र बनवून देते. तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. निरोप अनोळखी माणसाकडून येत नाही, तो मामाकडून येतो, भावकीतून येतो, दिंडीतल्या माळकऱ्याकडून येतो. लिहिणारा कोण हे ठाऊक नसते, पण पाठवणारा आपला असतो, म्हणून खोट्याला आपल्या माणसाची भीड मिळते. मायबापहो, गळ्यातल्या तुळशीमाळेची पत आपण त्या निरोपाला उसनी देतो!

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. शेजारच्या म्यानमारमध्ये 2017 मध्ये रोहिंग्या लोकांवर अत्याचार झाले आणि सात लाखांहून अधिक माणसे जीव घेऊन बांगलादेशात पळाली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने 2018 मध्ये सांगितले की द्वेष पसरवायला फेसबुक हे उपयोगी साधन ठरले, आणि कंपनीने घातलेला आवर संथ आणि अपुरा होता. कंपनीनेही पुढे कबूल केले की आपण पुरेसे केले नाही. ज्यांचा व्यापार लोकांच्या नजरा खिळवून ठेवण्यावर चालतो, त्यांच्याकडे राग आणणारी गोष्ट लवकर खपते. तेव्हा व्यापाऱ्यालाही दोष आहे, आणि तो राजसत्तेने पाहावा. राईनपाड्यानंतर थोड्याच दिवसांनी, 17 जुलै 2018 ला, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात अशा झुंडी रोखण्यासाठी जबाबदार पोलिस अधिकारी नेमावा असे आदेश दिले. व्हॉट्सअॅपवाल्यांनीही त्याच महिन्यात भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि 2020 च्या एप्रिलमध्ये फार हातांतून आलेला निरोप एकाच ठिकाणी जाईल असे केले. बरे केले. पण व्यापाऱ्याने घातलेली मर्यादा बोटाला असते. मनाला मर्यादा आपली आपणच घालायची आहे.

कोणी म्हणेल, "महाराज, हे धुळ्याचं झालं, हडपसरचं झालं. आमच्या पालीत असलं काही नाही." नसावेच, आणि पांडुरंग कधी न आणो. पण पालीकरांनो, या गोष्टीत तुमचा वाटा मोठा आहे. तुमच्या डोक्यावर राजगड उभा आहे. गडाचा मोठा दरवाजा तुमच्या गावाचे नाव सांगतो, पाली दरवाजा. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची किती अनोळखी माणसे पाठीवर पिशव्या घेऊन या वाटेने येतात! तुम्ही त्यांना वाट दाखवता, पाणी देता. ही तुमची सवय आहे.

1666 साली महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले आणि शेकडो कोस चालून याच राजगडावर परत आले. परंपरा सांगते की ते गोसाव्याच्या वेषात आले, आणि पुढे उभा असलेला गोसावी आपला शिवबा आहे हे जिजाऊ माऊलीनेही प्रथम ओळखले नाही. विचार करा. अंगाला राख, अनोळखी भाषेतल्या मुलखांतून चाललेला एक परका गोसावी! वाटेत एखाद्या गावाने "हा पोरं पळवणारा" म्हणून त्याला घेरले असते तर? त्या गोसाव्याला वाटेतल्या अनाम माणसांनी भाकरी घातली, पडवीत निजू दिले, म्हणून स्वराज्य पुढे चालले. त्यांना ठाऊक नव्हते की हा राजा आहे. ठाऊक असण्याची गरजही नव्हती. दाराशी आलेला अतिथी आहे, एवढे पुरेसे होते. त्याच गोसाव्याच्या वेषातली पाच माणसे राईनपाड्याला गेली. आणि पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे 16 एप्रिल 2020 च्या रात्री, चोर आले आहेत अशा अफवेने भ्यालेल्या जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला पोलिसांसमोर ठार मारले. ते आपल्या गुरूच्या अंत्यविधीला सुरतेकडे निघाले होते. महाराजांचे नाव घेऊन माणसे मारायला निघणाऱ्याने आधी हे आठवावे की महाराज स्वतः एकदा अनोळखी गोसावी होऊन या मुलखात आले होते.

आणि आपण वारकरी तरी कोण? आषाढीला घर सोडले की वीस दिवस आपण गावोगावचे अनोळखीच. कोणाच्या ओसरीवर पडतो, कोणाच्या विहिरीवर आंघोळ करतो, कोणाच्या पोराला जवळ घेऊन त्याच्या हातावर साखरफुटाणे ठेवतो. उद्या आपल्याविषयी कोणी दोन ओळींचा खोटा निरोप सोडला तर? सारी वारी चालते ती गावाने अनोळखी माणसावर ठेवलेल्या विश्वासावर. हा विश्वास तुटला की पालखीचा रस्ताच तुटला. म्हणून अफवा ही इतरांपेक्षा वारकऱ्याची अधिक वैरीण आहे.

"लाखो माणसे जमली की झुंड होणारच," असे म्हणतात. मी म्हणतो, नाही. माऊलींच्या पालखीची समाजआरती आठवा. मुक्कामाच्या तळावर लाखांचा समुदाय, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. चोपदार चोप उंच करतो आणि एका क्षणात सारे स्तब्ध. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढ्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो, निवाडा होतो, आणि मग आरती. दिवसभरात हरवले-सापडलेले तिथे पुकारले जाते, वस्तू ज्याची त्याला मिळते. दिंडी आणि झुंड यांत माणसांच्या संख्येचा फरक नाही. दिंडीत थांबवणारा कोणी असतो आणि बाकीचे त्याचे ऐकतात. झुंडीत पुढे ढकलणारे सगळे, थांबवणारा कोणी नाही.

मोबाईलवरच्या गटाला हा चोपदार नसतो. आज आपल्या बहुतेक दिंड्यांचे, भजनी मंडळांचे, भावकीचे गट आहेत. त्यांचा उपयोग नाकारत नाही. वारीत चुकलेली म्हातारी एका फोटोवरून अर्ध्या तासात आपल्या दिंडीत पोचते, आजाऱ्याला औषध मिळते, पावसाची आगाऊ वर्दी मिळते. पण ज्या गटात निरोप येतो, त्या गटात चोप उंच करणारा एक तरी माळकरी असलाच पाहिजे. "हे कुठून आले? कधीचे? तुम्ही पाहिले का? पाहिले नसेल तर काढून टाका." एवढे विचारायला विद्वत्ता लागत नाही, थोडे धैर्य लागते. वडीलधाऱ्यांनी पाठवले असेल तर हात जोडून विचारावे, पण विचारावे.

असा एक माणूस काय करू शकतो, तेही सांगतो. राईनपाड्याचा जो दिवस, त्याच दिवशी रात्री नाशिक जिल्ह्यात मालेगावला तशाच अफवेने जमाव एका गरीब कुटुंबामागे लागला. पाच जण, त्यांत दोन वर्षांचे लेकरू. आई-बाप आपल्याच लेकराला घेऊन फिरत होते, आणि लोक म्हणत होते पोर चोरले! तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले. बाहेर हजाराचा जमाव. पोलिस आले, त्यांच्या गाडीवरही जमाव उलटला, पण पाचही जण वाचले. एकाच दिवशी, एकाच अफवेने दोन ठिकाणी माणसे घेरली गेली. एका ठिकाणी खोलीचे दार मारण्यासाठी बंद झाले, दुसऱ्या ठिकाणी घराचे दार वाचवण्यासाठी उघडले. अफवा तीच होती.

आता कोणाचा प्रश्न येईल, "आणि खरंच पोरं पळवणारा असला तर? हात जोडून बसायचं?" मुळीच नाही. संशय आला तर एकशे बारा या क्रमांकावर पोलिसांना कळवावे, मुलांसाठी एक हजार अठ्ठ्याण्णव हा क्रमांक आहे, गावच्या पोलिस पाटलाला बोलवावे. तोवर त्या माणसाला देवळात बसवावे, पाणी द्यावे, कुठून आलात ते विचारावे, आणि चार शहाण्यांनी त्याच्याभोवती उभे राहावे ते त्याच्या रक्षणासाठी. दोषी असेल तर कायदा पाहील. निर्दोष असेल तर आपल्या हातून ब्रह्महत्या टळली. यात लेकराचे काही उणे होत नाही.

शेवटी एक सोडवणूक लोक करतात, तिचा विचार करू. "मी लिहिलं नाही, मी मारलं नाही, मी फक्त पुढं पाठवलं." शास्त्राने कर्माचे वाटेकरी तीन सांगितले आहेत, करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा. माळ घालताना आपण खोटे बोलणार नाही असे गुरूंना वचन दिले आहे. ते वचन जिभेपुरते नाही, अंगठ्यालाही लागू आहे. पारख न करता पुढे पाठवलेला खोटा निरोप म्हणजे आपण बोललेलेच खोटे. आणि ज्याच्या निरोपाने जमाव उठला, त्याने पंढरीला जाऊन कितीही वेळा महाद्वारी मस्तक ठेवले, तरी पायरीशी नामदेवराय आहेत आणि समोर मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी आहे, हे त्याने विसरू नये. ज्यांच्यावर खोटा आळ आला त्या चोखोबांना वंदन करूनच विठ्ठलाकडे जायचे आहे.

तेव्हा या एकादशीपासून एक नेम घ्या. एकादशीला अन्न सोडतो तसे खात्री नसलेले पुढे पाठवणे सोडा, आणि हा नेम द्वादशीला सोडायचा नाही. राग आणणारा किंवा भीती घालणारा निरोप आला, तर तो पाठवण्याआधी हरिपाठाचा एक पाठ करा. तेवढ्या वेळात मनन होईल. मनन झाल्यावरही पाठवावेसे वाटले, तर ज्याच्याविषयी तो निरोप आहे तो माणूस आपल्या समोर बसला आहे असे समजून पुन्हा एकदा वाचा. बहुतेक वेळा अंगठा आपोआप मागे येईल. आणि गावात कोणाला घेरलेले दिसले, तर मागे उभे राहून चित्र काढू नका. पुढे व्हा, आणि आपला टाळ वाजवा. दिंडीतला टाळकरी ज्या गावात जागा आहे, त्या गावात झुंड होणे कठीण आहे.

पालीकरांच्या पदरी हे पुण्य पूर्वीपासून आहे. ते टिकावे, अनोळखी पाहुण्याला इथले दार सदैव उघडे राहावे, आणि आपल्या सर्वांच्या कानाला विवेक व वाणीला सत्य लाभावे, हेच पांडुरंगाचरणी मागणे.

रामकृष्णहरि.